सेकंदाला आठ हजार वेळा पाळायचा शब्द

रविवारी बँकेच्या शाखेचे शटर खाली असते. संगणक बंद, काउंटर रिकामे, आत माणूस नाही. पण त्या शाखेला जुन्या पद्धतीची २ एमबीपीएसची लीज्ड लाइन असेल, तर रविवारच्या चोवीस तासांत तिच्यातून १७,६९४ कोटी ७२ लाख बिट मुख्यालयाकडे जातात आणि तेवढेच उलट येतात. दोन्ही दिशांचे मिळून सुमारे ४४ गिगाबाइट. त्यांत एकही व्यवहार नाही, एकही निरोप नाही. जागा रिकामी आहे एवढेच सांगणारा बिटांचा तोच तो नमुना दिवसभर धावत असतो.

२ एमबीपीएस या आकड्याचे मूळ टेलिफोनवरच्या बोलण्यात आहे. आवाज अंकांच्या रूपात तारेवरून पाठवण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरने १९३७च्या सुमारास पॅरिसमध्ये काम करताना मांडली. अमेरिकेत ती १९६२मध्ये रोजच्या वापरात आली. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहायचा. झाले ६४,००० बिट. असे ३२ कप्पे एकामागे एक लावले की युरोपाने घडवलेली आणि भारताने स्वीकारलेली ई-१ लाइन तयार होते : सेकंदाला २०,४८,००० बिट. त्यांतले ३० कप्पे संभाषणांचे, एक फ्रेमची सुरुवात ओळखण्यासाठी आणि एक सिग्नलिंगसाठी.

दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. तेवढ्या वेळात ३२ कप्प्यांची, २५६ बिटांची एक फ्रेम रवाना होते. प्रवासी असोत वा नसोत, ठरल्या वेळी फलाट सोडणाऱ्या एसटीसारखी ती भरलेली असो की रिकामी, निघतेच. दिवसाला ६९ कोटी १२ लाख वेळा. लीज्ड लाइनचे भाडे भरणारा ग्राहक हा वक्तशीरपणा विकत घेतो. वेग त्याच्या मागोमाग येतो.

बराच काळ हा वक्तशीरपणा वेगळ्या तारांवर राखला गेला. एक्स्चेंजमधून ग्राहकाच्या दारापर्यंत तांब्याची जोडी, दोन्ही टोकांना मोडेम आणि मध्ये फक्त याच कामासाठी उभारलेली यंत्रणा. बीएसएनएलचे मॅनेज्ड लीज्ड लाइन नेटवर्क, म्हणजे एमएलएलएन, ६४ केबीपीएसपासून २ एमबीपीएसपर्यंतच्या लाइन याच पद्धतीने देत असे. मग फायबर आली, ब्रॉडबँड घरोघर गेले. तेव्हा प्रश्न उभा राहिला की ज्या फायबरवरून शेजारच्या इमारतीत मालिका आणि क्रिकेट पोहोचते, त्याच फायबरवरून बँकेची लाइनही का नेऊ नये? रस्ता पुन्हा खणायचा नाही, नवा खांब उभारायचा नाही. खर्चाच्या दृष्टीने विचार अगदी रास्त आहे. पण ब्रॉडबँडचे जाळे आणि लीज्ड लाइन यांचा स्वभाव मुळातच उलटा आहे.

भारत सरकारने २००४च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या केली. २०१३मध्ये ती ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३मध्ये २ एमबीपीएस. एकेकाळी बँका, शेअर दलाल आणि वर्तमानपत्रांची कार्यालये ज्या वेगासाठी मोठे भाडे मोजत, तो आता ब्रॉडबँड म्हणवून घेण्याचा उंबरठा आहे. आज शहरातल्या घरी १०० एमबीपीएसचे कनेक्शन सहज मिळते. तरीही लीज्ड लाइन घेणारे आहेत आणि ती महागच आहे.

कारण ब्रॉडबँडचा वेग वाटून घेतलेला असतो. दूरसंचार नियामक ट्रायने २००९मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी १:५० आणि व्यावसायिकसाठी १:३० अशी वाटणीची मर्यादा सांगितली होती. लीज्ड लाइन मात्र १:१. जीपॉन या आज सर्वत्र दिसणाऱ्या फायबर तंत्रातही वाटणीच आहे. एक्स्चेंजमधल्या ओएलटी यंत्राच्या एका पोर्टमधून २.४८८ जीबीपीएस निघतात आणि स्प्लिटरमधून ६४ घरांपर्यंत जातात. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर वाट्याला येतात प्रत्येकी ३८.९ एमबीपीएस. घराघरांत १०० एमबीपीएसचे प्लॅन विकले असतील, तर ६.४ जीबीपीएसचा शब्द दिलेला असतो आणि हातात २.४८८ असतात. ही फसवणूक नव्हे. सगळे एकाच क्षणी मागत नाहीत, या साध्या निरीक्षणावर जगातले सारे स्वस्त इंटरनेट उभे आहे. लीज्ड लाइनला मात्र ‘बहुतेक’ चालत नाही. तिची फ्रेम दर १२५ मायक्रोसेकंदांनी निघायचीच असते.

हा पेच सोडवण्याची रीत २००६ ते २००७ या काळात इंटरनेटच्या प्रमाणक दस्तऐवजांत पक्की झाली. तिचे नाव सर्किट इम्युलेशन. ई-१चा अखंड प्रवाह चिरायचा, तुकड्यांना क्रमांक द्यायचे, ते इथरनेटच्या पॅकेटमध्ये घालून पाठवायचे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा अखंड प्रवाह विणायचा. या पद्धतीत ई-१साठी रूढ तुकडा २५६ बाइटचा, म्हणजे बरोबर एका मिलिसेकंदाचा. सेकंदाला १,००० पॅकेट, दिवसाला ८ कोटी ६४ लाख, तेही एकाच दिशेला.

प्रत्येक तुकड्याला वेष्टन लागते. क्रमांकाचे ४ बाइट, यूडीपीचे ८, आयपीचे २०, इथरनेट आणि व्हीलॅनचे २२, शिवाय दोन पॅकेटांमधल्या सक्तीच्या मोकळ्या जागेसह आणखी २०. एकूण ३३० बाइट. २.०४८ एमबीपीएसची लाइन नेण्यासाठी २.६४ एमबीपीएस खर्ची पडतात. मिलिसेकंदभर तुकडा साठवत बसायचे नसेल, तर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र पॅकेटमध्ये पाठवता येते. मग ३२ बाइटच्या मालाला ७४ बाइटचे वेष्टन, सेकंदाला ८,००० पॅकेट आणि खर्च ६.७८ एमबीपीएस. वेळ वाचवला की जागा जाते आणि जागा वाचवली की वेळ जातो. अभियंते इथे बहुधा एक मिलिसेकंदाचा सौदा करतात. माझ्या मते तो शहाणपणाचा आहे.

आता वाटेतली गर्दी. आपले पॅकेट कितीही महत्त्वाचे असो, पुढच्या पॅकेटचे बिट फायबरवर उतरू लागले असतील तर ते पूर्ण होईपर्यंत थांबावेच लागते. १,५०० बाइटचे मोठे पॅकेट एक गिगाबिटच्या दुव्यावर १२ मायक्रोसेकंद घेते, १०० एमबीपीएसवर १२० मायक्रोसेकंद. तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएल ब्रॉडबँडमध्ये घराकडून एक्स्चेंजकडे जाणारा वेग ५१२ केबीपीएस धरला, तर त्या एका पॅकेटला २३.४ मिलिसेकंद लागतात. कोणी ई-मेलला फोटो जोडला की आपली तेवीस पॅकेट मागे खोळंबणार. अर्थात पूर्ण ई-१ त्या वाटेवर मावतच नव्हती. पण ६४ केबीपीएसच्या छोट्या लाइनसाठीसुद्धा ही वाट खडतर होती, ती यामुळे.

मागेपुढे येणारी पॅकेट सावरण्यासाठी पोहोचत्या टोकाला जिटर बफर असतो. पॅकेट आले की थोडे थांबवायचे आणि मग ठरल्या लयीत पुढे सोडायचे. वाटेत हरवलेल्याला मात्र इलाज नाही. पुन्हा मागवायला वेळ नसतो. ट्रायच्या २००६च्या गुणवत्ता नियमांत ब्रॉडबँडसाठी पॅकेट लॉस एक टक्क्याच्या आत असावा असे म्हटले होते. वेब पान उघडताना एक टक्का जाणवतही नाही. ई-१च्या पॅकेटांत तोच एक टक्का म्हणजे सेकंदाला दहा खड्डे, प्रत्येक आठ फ्रेमचा. दहा हजारांत एक पॅकेट हरवले तरी दर दहा सेकंदांनी खड्डा आणि दिवसाला ८,६४०. म्हणून या पॅकेटांना स्विचमध्ये सगळ्यांच्या आधी सोडावे लागते आणि त्यांच्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते.

इथपर्यंतचे सारे प्रश्न पुरेशी जागा देऊन सुटतात. घड्याळाचा प्रश्न तसा सुटत नाही आणि माझे मन या विषयात सर्वाधिक तिथेच रमते.

ई-१च्या तारेतून बिटांबरोबर लय वाहत असे. समोरच्या टोकाला किती जलद बिट येतात त्यावरून घड्याळ मिळे. पॅकेटच्या जाळ्यात ही लय तुटते. समजा, शाखेतल्या यंत्राचे घड्याळ दहा लाखांत ५० इतके चुकते. ई-१ला एवढी सूट नियमाने दिलेली आहे. मनगटावरच्या घड्याळात ही चूक दिवसाला ४.३ सेकंदांची झाली असती. ई-१वर ती सेकंदाला १०२ बिटांची होते. म्हणजे दर अडीच सेकंदांनी एक अख्खी फ्रेम जास्त किंवा कमी. जिटर बफरमध्ये दोन मिलिसेकंदांची सवड ठेवली असेल, तर ती चाळीस सेकंदांत संपते. मग बफर एक तर ओसंडतो किंवा कोरडा पडतो.

टेलिफोन जाळ्यांची मूळ घड्याळे याच्या कितीतरी पलीकडची. त्यांना चुकण्याची मुभा आहे शंभर अब्जांत एक. एक सेकंदाची चूक साचायला सुमारे ३,१७० वर्षे लागावीत, इतकी ती नेमकी असतात. ती सीझियमच्या अणूवर चालतात, ज्याच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांना १९६७पासून एक सेकंद म्हणतात. अशी दोन स्वतंत्र घड्याळे दोन टोकांना असली आणि ती उलट दिशांनी पूर्ण मुभेइतकी चुकली, तरी एक फ्रेम घसरायला ७२ दिवस लागतात. अडीच सेकंद आणि ७२ दिवस, या दोहोंत सुमारे २५ लाख पटींचे अंतर आहे.

बँकेच्या शाखेत सीझियमचे घड्याळ ठेवता येत नाही. म्हणून लय दुसऱ्या वाटांनी पोहोचवावी लागते. एक वाट म्हणजे येणाऱ्या पॅकेटांच्या वेळांची दीर्घकाळ सरासरी काढून मूळ लय ओळखणे. पॅकेट दहापाच मायक्रोसेकंद मागेपुढे येत असताना त्यांतून दहा लाखांत एखाद्या अंशाचा फरक टिपायचा, म्हणजे हे काम चिकाटीचेच. दुसरी वाट म्हणजे इथरनेटच्या बिटांनाच मूळ घड्याळाशी बांधून टाकणे, ज्याला सिंक्रोनस इथरनेट म्हणतात. तिसरी, पॅकेटांवर नेमक्या वेळेचे शिक्के मारून पाठवणे.

या सगळ्याचा सर्वांत कडक ग्राहक बँक नाही, वीज आहे. उच्च दाबाच्या वाहिनीच्या दोन टोकांचे रिले एकमेकांना सतत आपापल्या टोकाचा विद्युतप्रवाह कळवत असतात. दोन्हीकडचा जुळला नाही, तर मध्ये बिघाड आहे असे समजून वाहिनी तोडली जाते. समोरचा निरोप किती जुना आहे हे रिले जाण्यायेण्याच्या एकूण वेळेच्या निम्म्यावरून ठरवतो. आता जाळ्याने जाणारे पॅकेट एका वाटेने नेले आणि येणारे दुसऱ्या वाटेने, तर? दोन दिशांत एका मिलिसेकंदाचा फरक पडला की अंदाज अर्ध्या मिलिसेकंदाने चुकतो. पन्नास हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणून अर्धा मिलिसेकंद म्हणजे ९ अंश. तेवढ्यावर रिलेला वाहत्या प्रवाहाच्या सुमारे १६ टक्के खोटा फरक दिसतो. वाहिनीत काहीही बिघडलेले नसताना. म्हणून अशा कामासाठी दोन्ही दिशा एकाच वाटेने नेण्याचे बंधन घालावे लागते आणि बहुतेक वीज कंपन्या स्वतःच्या मनोऱ्यांवर स्वतःची फायबर बाळगतात. त्यांची ही सावधगिरी मला पूर्णपणे पटते.

पुन्हा घरगुती फायबरकडे येऊ. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. ई-१ स्वतःच्या फायबरवरून एकटी गेली, तर तिचा एक बिट काचेत ९८ मीटर लांब असतो. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटर लांबीइतकी फायबर घेतली, तर कोणत्याही क्षणी वाटेत फक्त ७,१७८ बिट असतील, जेमतेम २८ फ्रेम. त्याच लांबीत १०० जीबीपीएसचा प्रवाह सोडला, तर प्रत्येक बिटाच्या वाट्याला २ मिलिमीटर येतात आणि वाटेत ३५ कोटी बिट असतात.

जीपॉनमध्ये घराकडून एक्स्चेंजकडे जाणारा बिट १६ सेंटिमीटरचा. इथे ६४ घरे एकाच फायबरवर आळीपाळीने बोलतात. दोघांचा प्रकाश एकत्र आला की दोघांचेही बोलणे वाया. एक घर एक्स्चेंजपासून एक किलोमीटरवर, दुसरे वीसवर. पहिल्याला हाक मारून उत्तर यायला १० मायक्रोसेकंद लागतात, दुसऱ्याला २००. म्हणून ओएलटी प्रत्येक घरातल्या ओएनटी यंत्राचे अंतर मोजते आणि जवळच्यांना जाणूनबुजून थांबायला लावते. मग सगळी घरे जणू सारख्याच अंतरावर असल्यासारखी वागतात. दोन घरांच्या बोलण्यात ३२ बिटांची मोकळी जागा सोडतात, म्हणजे २६ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाश काचेत पाच मीटर जातो.

आणि ही काच तापते. खांबांवरून टांगलेल्या फायबरमध्ये विदर्भातल्या मे महिन्यातल्या पहाटे आणि दुपारी वीस अंशांचा फरक धरू. किलोमीटरला, अंशाला सुमारे ४० पिकोसेकंद या हिशोबाने वीस किलोमीटरला १६ नॅनोसेकंद होतात. जाऊन-येऊन ३२. म्हणजे सकाळी मोजलेले अंतर दुपारपर्यंत त्या २६ नॅनोसेकंदांच्या मोकळ्या जागेपेक्षा जास्त सरकलेले असते. ओएलटी दिवसभर प्रत्येक घराची वेळ तपासून दुरुस्त करत राहते, म्हणून शेजारचे घर आपल्या बोलण्यावर येऊन आदळत नाही.

प्रकाशाचा हिशोबही असाच काटेकोर आहे. स्प्लिटर, वीस किलोमीटर काच, सांधे हे सगळे पार करताना २८ डेसिबलपर्यंत तूट सोसता येते. म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सुमारे ६३०वा भाग पोहोचला तरी चालते. ग्राहकाच्या दारी दोन मायक्रोवॅट पोहोचले तरी ओएनटी वाचते आणि तेव्हा एका बिटाच्या वाट्याला सरासरी सुमारे ६,००० फोटॉन असतात.

या गर्दीत लीज्ड लाइन कुठे बसते? जीपॉन घडवणाऱ्यांनी टेलिफोनची लय टाकून दिली नाही. त्याचीही फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांचीच आहे, सेकंदाला ८,०००. घराकडून निघणाऱ्या अशा प्रत्येक फ्रेममध्ये १९,४४० बाइटची जागा असते. ओएलटीला सांगता येते की अमुक ग्राहकाला प्रत्येक फ्रेममध्ये इतके बाइट कायमचे द्यायचे, मग तो बोलो वा गप्प राहो. याला फिक्स्ड बँडविड्थ म्हणतात. ई-१चे ३२ बाइट म्हणजे त्या जागेचा ६०७वा भाग, वेष्टन धरून थोडा अधिक. उरलेली जागा बाकीच्या घरांत मागणीप्रमाणे वाटली जाते. शिवाय ओएनटीला आपल्या घड्याळाची लयही याच फ्रेमवरून मिळते, म्हणून वर सांगितलेला घड्याळाचा त्रास इथे बराच कमी होतो.

एवढे करूनही फायबर तुटली तर सगळे संपते. ९९.५ टक्के अपटाइमचा करार ऐकायला भक्कम वाटतो. पण वर्षाच्या ८,७६० तासांतला अर्धा टक्का म्हणजे ४३ तास ४८ मिनिटे. ९९.९ टक्के म्हणजे ८ तास ४५ मिनिटे, ९९.९९ म्हणजे साडेबावन्न मिनिटे, ९९.९९९ म्हणजे सव्वापाच. पतसंस्था, बाजार समिती, ग्रामीण रुग्णालय यांनी करार करताना एमबीपीएसच्या आधी हा आकडा वाचायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

गावपातळीवर याचा मोठा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. २०११मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेत सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. त्यांतल्या सुमारे २८ हजार महाराष्ट्रातल्या. सगळी फायबर नवी टाकायची नाही, सरकारी कंपन्यांची आधीची फायबर वापरायची आणि जिथे नाही तिथेच नवी जोड द्यायची, असा तो विचार होता. ओएलटी तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये, ओएनटी ग्रामपंचायतीत. पण ही मांडणी सरळ रेषेत होती. मध्ये कुठेही केबल तुटली की पुढची गावे बंद. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत फायबरचे वर्तुळ करून त्यावर आयपी-एमपीएलएस यंत्रणा बसवायचे ठरले. वर्तुळ एका जागी तुटले की वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरते. चांगल्या जाळ्यात हा बदल ५० मिलिसेकंदांत व्हावा अशी अपेक्षा असते. तेवढ्यात ई-१च्या ४०० फ्रेम जातात. पण टेलिफोनवरचे बोलणे तुटत नाही, एटीएममधला व्यवहारही नाही.

वर्तुळापासून शाखेच्या दारापर्यंतची शेवटची फायबर मात्र बहुधा एकेरीच राहते. तिथे जेसीबीचा दात लागला की आधी ओटीडीआर यंत्राने प्रकाशाचा ठोका सोडून परत आलेल्या उजेडाच्या वेळेवरून तुटलेली जागा शोधतात. मीटरला १० नॅनोसेकंद या हिशोबाने ती काही मीटरांपर्यंत नेमकी सापडते. मग माणूस निघतो, खड्डा खणतो, पाणी उपसतो. १२५ मायक्रॉन जाडीच्या आणि आत ९ मायक्रॉनचा प्रकाशमार्ग असलेल्या काचेची दोन टोके स्वच्छ करून तो वितळवून जोडतो, बऱ्याचदा रस्त्याच्या कडेला, धुळीत, बॅटरीच्या उजेडात. या कामाला चार तास लागले तर ते चांगलेच झाले म्हणायचे. ९९.९ टक्क्यांच्या करारात वर्षातून अशा दोन दुरुस्त्या बसतात आणि वर पाऊण तास उरतो. तिसरी झाली की करार मोडला. ९९.९९ टक्क्यांत पहिलीसुद्धा बसत नाही. तिथे दुसऱ्या रस्त्याने आलेली दुसरी फायबरच लागते.